बकरीच्या फुफ्फुसाने शिकवलेला धडा

आमचा बचत गट नांदुरा तालुक्यातला. आज बोलायचं आहे ते अंगाच्या आतल्या रचनेबद्दल. विषय शाळेतला आहे, पण तो शिकायला आम्हाला एक बकरी गमवावी लागली.

गेल्या पावसाळ्यात गटातल्या एका ताईची बकरी कोवळा चारा खाऊन फुगली. डावी कूस ढोलासारखी वाजत होती. आम्ही चौघी धावलो. एकीने तिचं तोंड आभाळाकडे धरलं, एकीने जीभ ओढली आणि बाटलीतलं गोडंतेल घशात ओतलं. बकरी जोरात खोकली. फुगारा उतरला, पण पुढं ती धापा टाकू लागली आणि तिसऱ्या दिवशी गेली. डॉक्टर म्हणाले, "थोडं तेल फुफ्फुसात गेलं." आम्हाला काही कळेना. तोंडातून दिलेलं फुफ्फुसात जातंच कसं?

याचं उत्तर ताईच्या अकरावी सायन्सच्या मुलीने दिलं. पूर्वी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकणारी मुलं बेडूक, पांढरा उंदीर कापून आतले अवयव बघत. 2014 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने हे थांबवायला सांगितलं. आता तक्ते, मॉडेल आणि संगणकावर शिकवतात. पण मटणाच्या दुकानात अवयव मिळतातच, त्यासाठी वेगळा जीव घ्यावा लागत नाही. तिने बोकडाची श्वासनळीसकट फुफ्फुसं आणली. ज्यांना बघवत नव्हतं, त्या दारात बसून ऐकत होत्या.

तुम्हीही आता गळ्यावर समोरून बोट ठेवा. कडक कड्या लागतात ना? ती श्वासनळी. कड्यांमुळे ती कायम उघडी राहते. तिच्या मागे मऊ अन्ननळी असते. घास गिळताना श्वासनळीचं तोंड वर सरकतं आणि त्यावर एक छोटं झाकण पडतं. झाकण चुकलं की आपल्याला ठसका लागतो. बकरीचंही तसंच. मान ताणली, जीभ ओढून धरली, की तिला नीट गिळता येत नाही आणि औषध सरळ श्वासनळीत उतरतं.

मग तिने नळीत पंपाने हवा भरली. लोळागोळा फुफ्फुसं फुलून वर आली. एक तुकडा पाण्यात टाकला तर तरंगला, कारण आत हवेचे बारीक बारीक फुगे असतात. तिथं तेल गेलं की ते खोकून पूर्ण निघत नाही आणि फुफ्फुसं सुजतात.

हृदयही दाखवलं. आपण बोलताना हृदयाला काळीज म्हणतो, पण खाटकाकडे काळीज म्हणजे कलेजी, यकृत. हृदय वेगळं. त्यात चार कप्पे असतात आणि डाव्या बाजूची भिंत उजवीपेक्षा कितीतरी जाड. उजवी बाजू रक्त शेजारच्या फुफ्फुसांत ढकलते. डावीला ते डोक्यापासून पायापर्यंत पोचवायचं असतं. आपलं हृदयही असंच, साधारण आपल्या मुठीएवढं.

फरक आहे तो पोटात. बकरीच्या पोटाला चार कप्पे. सगळ्यात मोठं कोटीपोट डावीकडे असतं, म्हणून पोटफुगीत डावी कूस वर येते.

आता आमच्या गटाने नियम केला आहे. बकरी फुगली की आधी 1962 वर फोन करून पशुवैद्यकाला विचारायचं. तोवर तिचे पुढचे पाय उंचावर ठेवून उभं करायचं. औषध पाजायला सांगितलं तर नाक डोळ्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही, जीभ मोकळी ठेवायची, ओठाच्या कडेने थोडं थोडं द्यायचं. खोकली की लगेच थांबायचं.

आणखी एक. आजाराने मेलेलं जनावर शिकण्यासाठी म्हणूनही कापू नका. फाशीसारखे रोग माणसाला होतात. शवविच्छेदन पशुवैद्यकालाच करू द्या. दुकानातला अवयव हाताळला तरी हातमोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा.

ताईची बकरी परत येणार नाही. पण त्या पोरीने एका दुपारी जे दाखवलं, ते आम्हाला इतकी वर्षं बकऱ्या पाळूनही माहीत नव्हतं. तुमच्या घरातली मुलगी सायन्सचं पुस्तक उघडून बसली, तर भाकरी टाकता टाकता तिला विचारा, "बाई, आज काय शिकलीस?" आमच्या कामाचं काही त्यात निघेलच.