घाट चढणाऱ्या दोन गाड्या

खोपोली मागे पडली की वडील गाडीतल्या सगळ्यांना गप्प बसवत. इंजिनाचा आवाज ऐकू यायला हवा ना! एक हात स्टिअरिंगवर, दुसरा त्याच्याच दांड्यावरच्या गिअरवर, अशी आमची फियाट बोरघाट चढू लागे. शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणं टाकायचं, गाडी कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचं आणि तिला दम खाऊ द्यायचा. शेजारी थांबलेला ट्रकवाला न विचारता पाण्याचा डबा पुढे करी.

कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी. पण कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून आधी फियाट म्हणूनच बाहेर पडलेली ही गाडी घरोघरी फियाटच राहिली. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसएक अश्वशक्ती. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर ती दारात येई आणि मग घरचं माणूसच होऊन जाई. २००० च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली.

परवा त्याच जुन्या रस्त्याने मुलाच्या एसयूव्हीतून गेलो. घाट कधी लागला आणि कधी संपला, कळलंच नाही. गप्पा चालू होत्या, नातू मागे गाढ झोपला होता.

या नव्या गाड्यांची ताकद पाहा. २०२१ साली आलेल्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० च्या डिझेल इंजिनाची शक्ती १८० अश्वशक्तीच्या घरात, म्हणजे पद्मिनीच्या चौपटीहून अधिक. वजन जवळजवळ दुप्पट. आमच्या फियाटला ना एअरबॅग, ना एबीएस. चारही चाकांना साधे ड्रम ब्रेक. आई धाकट्याला मांडीवर घेऊन पुढच्या सलग सीटवर बसे. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो. आम्ही सुखरूप पोहोचायचो यात वडिलांची सावधगिरी जितकी, तितकंच आमचं नशीबही होतं. नातवाला मी त्या फियाटमधून घाटात नेणार नाही. आठवणी कितीही गोड असल्या, तरी त्या अपघातात वाचवत नाहीत.

पण नवी गाडी वाचवते ती मुख्यतः आतल्यांना. बाहेरच्यांचं काय? पद्मिनी चार मीटरहूनही आखूड. एक्सयूव्ही ७०० सुमारे ४.७ मीटर. गल्लीची रुंदी मात्र होती तेवढीच आहे. शिवाय उंच बॉनेटच्या अगदी पुढ्यात उभं असलेलं लहान मूल चालकाला दिसतच नाही. काही गाड्यांना कॅमेरे असतात, पण पडद्याकडे लक्ष हवं. आणि गाडी जितकी शांत व सुरक्षित वाटते, तितका पाय नकळत जड होतो. फियाट तापायची, धापा टाकायची. म्हणून माणूस जपून चालवायचा.

गाडी काढण्यापूर्वी वडील तिच्याभोवती एक फेरी मारत. टायर पाहायचे, तेल-पाणी पाहायचं आणि वाकून खाली मांजर किंवा एखादं पोर तर नाही ना, तेही पाहायचं. मुलाला हे सांगितलं तेव्हा तो हसला. त्याची गाडी बटण दाबलं की सुरू होते.

गाडीत बसलेला नातू सुरक्षित आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. पण संध्याकाळी सोसायटीच्या आवारात तोच नातू अशाच गाड्यांच्या पुढ्यात चेंडू शोधत असतो. तेव्हा वडिलांची ती एक फेरी नव्या गाडीलाही लागू आहे.