आकाशातील वाटाड्ये

आगगाडी शिट्टी देत जवळ येते तेव्हा शिट्टीचा स्वर चढा असतो. गाडी पुढे निघून गेली की तो उतरतो. हे तुम्ही अनुभविले असेल. १९५७ च्या ऑक्टोबरात सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. त्याचे संदेश ऐकताना अमेरिकेतील गायर व वायफेनबाख या शास्त्रज्ञांस रेडिओलहरींत असाच चढउतार आढळला. त्यावरून त्यांनी उपग्रहाचा मार्ग गणिताने काढला. पुढल्या वर्षी त्यांचे वरिष्ठ मॅक्ल्युअर यांनी प्रश्न उलटा केला : उपग्रहाचा मार्ग ठाऊक असेल, तर ऐकणाऱ्याचे ठिकाण का काढता येऊ नये? त्यातून पाणबुड्यांसाठी ‘ट्रान्झिट’ ही योजना जन्मास आली.

तिच्यात मात्र उपग्रह माथ्यावरून जाण्याची वाट पाहावी लागे. १९७८ पासून सोडलेल्या जीपीएस उपग्रहांनी ही अडचण हळूहळू दूर केली. या उपग्रहांत अणुघड्याळे असतात. संदेश निघाल्याच्या व पोचल्याच्या वेळेतील फरकावरून उपग्रहाचे अंतर कळते. तीन अंतरांवरून ठिकाण काढता येते; मग चौथा उपग्रह कशाला? आपल्या हातातील यंत्राच्या साध्या घड्याळाची चूक काढावयास. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूकही ३०० मीटरांचा घोटाळा करते!

तारे ढगांआड लपले असता कोकणचा नाखवा आज याच घड्याळांच्या भरवशावर आपली होडी बंदराकडे वळवितो.