चावी फिरते, मग गाडी का चालू होत नाही?

चावी कुलपात बरोबर जाते, बरोबर फिरते, समोरचे दिवेही लागतात आणि तरी गाडी चालू होत नाही. व्यापारी आणि कारागीर बांधवांपैकी कोणावर हा प्रसंग आला नसेल असे आम्हाला वाटत नाही. नोकरदार माणसाची गाडी अडली तर तो रिक्षा करून कचेरीत जातो. आपल्या गाडीत मात्र मागे कापडाच्या गठड्या भरलेल्या असतात, भिवंडीच्या गोदामात हमाल वाट पाहत बसलेले असतात आणि ट्रान्सपोर्टवाला संध्याकाळचा ट्रक कोणासाठी थांबवत नाही. अशा घाईत मिस्त्री जे सांगेल त्याला आपण हो म्हणतो. ‘बॅटरी गेली’, ‘सेल्फ गेला’, ‘पंप गेला’ यांपैकी एक वाक्य ऐकायचे आणि पैसे मोजायचे. आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसे, मोटारीचे कारागीर नव्हे. पण मालेगाव ते मुंबई ज्या गाडीवर रोजी चालते तिच्याविषयी उस्ताद लोकांना विचारून आणि स्वतः पाहून जे समजले ते येथे मांडत आहोत.

पहिली गोष्ट ही की चावी इंजिन चालू करत नाही. चावी फक्त हुकूम देते. हुकूम बॅटरीकडून जाड वायरीने सेल्फपर्यंत पोचला पाहिजे, सेल्फने इंजिन फिरवले पाहिजे आणि फिरणाऱ्या इंजिनाला इंधन व ठिणगी मिळाली पाहिजे. डिझेल गाडीत ठिणगी नसते, तिथे दाबाने तापलेली हवाच इंधन पेटवते. यंत्रमागावरही हेच आहे. हँडल ओढले आणि माग चालला नाही तर शहाणा कारागीर लगेच नवी मोटर मागत नाही. वीज आहे का, पट्टा उतरला का, बाण्याचा धागा तुटून मागाने स्वतःच स्वतःला थांबवले का, हे तो आधी पाहतो. गाडीच्या बाबतीत मात्र आपण हा तजुर्बा विसरतो.

आता आवाजाकडे लक्ष द्या, कारण गाडी आपला आजार आवाजाने सांगते. चावी फिरवल्यावर भराभर ‘टिक टिक टिक’ असा आवाज आला आणि समोरचे दिवे मंद झाले, तर वीज कमी पडते आहे. एकदाच ‘टक’ झाले आणि पुढे शांतता, तर सेल्फ, त्याचा सोलेनॉइड किंवा जाड वायरीचा जोड यांपैकी काही बिघडले असावे. अजिबात आवाज नाही आणि दिवे मात्र झगझगीत, तर हुकूमच सेल्फपर्यंत पोचत नाही. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका, इंधनाकडे किंवा ठिणगीकडे पाहा. आणि इंजिन चालू होऊन दोन सेकंदांत पुन्हा बंद पडत असेल तर ती वेगळीच कथा आहे, ती पुढे सांगतो.

सर्वाधिक गैरसमज बॅटरीबाबत आहे. ‘दिवे लागतात म्हणजे बॅटरी चांगली’ असे आमचे बरेच मित्र म्हणतात. दोन हेडलाइट मिळून सुमारे दहा अँपिअर वीज घेतात. सेल्फला मात्र लहान पेट्रोल गाडीतही शंभर अँपिअर किंवा जास्त लागते, डिझेलला त्याहून अधिक. म्हणजे किरकोळ गिऱ्हाइकाला दोन मीटर कापड देता आले म्हणून दुकानात शंभर ताग्यांचा माल आहे असे होत नाही. सर्व रात्र उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर मीटर लावले तर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी उतरलेली, आणि १२ च्या खाली गेली तर ती रिकामीच समजावी. इंजिन चालू झाल्यावर तोच आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आला पाहिजे. तो वर चढत नसेल तर दोष अल्टरनेटरमध्ये किंवा त्याच्या पट्ट्यात आहे आणि नवी बॅटरीही चार दिवसांत उतरणार. असे मीटर आपल्या कारखान्यातल्या वायरमनच्या पिशवीत असतेच.

पण बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही, आणि पैसे वाया जातात ते बहुधा येथेच. बॅटरीच्या दोन खुंट्यांवर म्हणजे टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचते, किंवा पकड सैल होते. हिशेब करून पाहा. जोडावर एका ओहमचा फक्त विसावा भाग अडथळा आला आणि त्यातून शंभर अँपिअर जायचे म्हटले, तर पाच व्होल्ट त्या जोडावरच संपतात. साडेबारातून पाच गेले तर सेल्फच्या वाट्याला उरते काय? दिव्यांना थोडीच वीज लागते म्हणून ते लागतात आणि आपण फसतो. एका गॅरेजवाल्याने आमच्या व्हॅनला याच दुखण्यावर नवी बॅटरी बसवून दिली होती. गाडी अर्थातच चालू झाली, कारण बॅटरी बदलताना त्याने टर्मिनल घासले. जुनी बॅटरी आम्ही मागून घरी आणली आणि पुढे दीड वर्ष ती घरातल्या दिव्यांसाठी वापरली.

टर्मिनल साफ करणे अर्ध्या तासाचे काम आहे. गाडी बंद करून आधी काळी म्हणजे निगेटिव्ह वायर काढायची, मग लाल. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून पूड धुवायची, सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ द्यायचे नाही. मग पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासायचा. लावताना आधी लाल, शेवटी काळी, आणि वर थोडी व्हॅसलिन. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ बिडी-सिगारेट नको. काळ्या वायरीचे दुसरे टोक जिथे बॉडीला व इंजिनाला जोडलेले असते तो बोल्टही पाहावा. तिथला गंज कोणी पाहत नाही.

उभी गाडीही बॅटरी खाते, हे पुष्कळांना २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागल्यावर समजले. घड्याळ, अलार्म आणि गाडीतला संगणक यांना सतत थोडी वीज लागते. ती ५० मिलिअँपिअर धरली तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात रिकामी. दोन महिने दारात उभ्या राहिलेल्या गाड्या त्या वर्षी एका चावीत चालू झाल्या नाहीत यात नवल नव्हते. गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर काळी वायर काढून ठेवावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटरी तशीही तीन-चार वर्षांपेक्षा जास्त साथ देत नाही. उष्णता ती आतून झिजवते.

अजिबात आवाज नसेल तेव्हा दोन बिनपैशाच्या गोष्टी आधी बघाव्यात. पुष्कळ नव्या गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ उठतच नाही, आणि पायाखालची जाड चटई सरकून पेडलखाली गेली की क्लच पूर्ण दाबला जात नाही. ऑटोमॅटिक गाडीत दांडा ‘पी’ किंवा ‘एन’वर हवा. त्यानंतर फ्यूज आणि रिले. पावसाळ्यात उंदीर इंजिनाच्या उबेला येऊन बसतात आणि वायरी कुरतडतात. धान्याच्या किंवा सुताच्या गोदामाशेजारी गाडी उभी करणाऱ्यांनी महिन्यातून एकदा बॉनेट उघडून बॅटरीने पाहावे, म्हणजे हातातल्या बॅटरीने.

आता ती वेगळी कथा. आमच्या ओळखीच्या एका सायझिंगवाल्यांनी जुनी गाडी विकत घेतली. चावी एकच मिळाली, म्हणून ड्रायव्हरसाठी बाजारातून दुसरी घडवून घेतली. त्या चावीने दार उघडायचे, सेल्फ उठायचा, इंजिन चालू व्हायचे आणि लगेच बंद. सेठजी स्वतः गेले की गाडी ठीक, ड्रायव्हर गेला की बंद. बिचाऱ्यावर गाडीत काहीतरी छेडछाड केल्याचा आळ आला आणि दोन दिवसांची मजुरी कापली गेली. एका गॅरेजने पंप सांगितला, दुसऱ्याने संगणक बदलायला सांगितला. शेवटी एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनने दोन्ही चाव्या हातात घेऊन विचारले, “सेठ, यातली कंपनीची कोणती?”

मूळ चावीच्या डोक्यात एक बारीक चिप असते. कुलपाभोवतीची तारेची कडी ती चिप वाचते. ओळख पटली नाही तर गाडी इंधन किंवा ठिणगी तोडते. याला इमोबिलायझर म्हणतात. चोरीला आळा बसावा म्हणून युरोपात १९९८ पासून तो नव्या मोटारींना सक्तीचा झाला आणि आपल्याकडेही आता बहुतेक मोटारींत असतो. अशा वेळी समोर चावीचे किंवा कुलपाचे चित्र असलेला दिवा लुकलुकतो. चिपला स्वतःचा सेल लागत नाही, त्यामुळे रिमोटचा सेल संपला तरी फिरवायच्या चावीने गाडी चालू व्हायला हरकत नसते. बटणाच्या गाडीत सेल संपला तर रिमोट बटणाला टेकवून पाहावा, पुष्कळ गाड्यांत काम होते. एकाच कडीत दोन गाड्यांच्या चिपवाल्या चाव्या अडकवल्या तरी कधी घोटाळा होतो. त्या ड्रायव्हरची मजुरी सेठजींनी परत दिली, हे सांगायला हवे.

सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, यात सीएनजी गाडीवाल्यांची एक खोड मोठी आहे. बहुतेक सीएनजी गाड्या पेट्रोलवर चालू होऊन मग गॅसवर जातात, काही नव्या गाड्याच थेट गॅसवर चालू होतात. पैसे वाचवायला टाकीत पेट्रोल ठेवायचेच नाही, असे पुष्कळ जण करतात. टाकीतला पंप पेट्रोलमध्येच थंड राहतो. कोरडा फिरला की जळतो. चावी अर्ध्यावर फिरवून मागच्या सीटखाली दोनेक सेकंद घुईं आवाज येतो का ते ऐकावे. येत नसेल तर आधी त्याचा फ्यूज पाहावा, मग पंपाला दोष द्यावा. डिझेल गाडीत स्प्रिंगसारखे चित्र विझेपर्यंत थांबावे, निफाडकडच्या थंडीत तर नक्कीच. डिझेल पूर्ण संपवले असेल तर नळीत हवा शिरते आणि ती काढल्याशिवाय नुसते डिझेल टाकून गाडी चालू होईलच असे नाही.

एक काम मात्र कोणीच करू नये. दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारत राहू नये आणि दोन प्रयत्नांत अर्धा मिनिट तरी सोडावे. नाहीतर बॅटरी होती तीही संपते आणि सेल्फ जळून खर्च दुप्पट होतो. अँबेसडर आणि जीपच्या काळात अशा वेळी हँडल मारून काम व्हायचे. आता हँडल नाही, आणि ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारूनही फायदा नाही. दुसऱ्या गाडीवरून वीज घेताना लाल केबल लालला लावावी. काळीचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे बंद गाडीच्या बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूला लावावे. उलटे लागले तर संगणक जातो.

सगळे गॅरेजवाले ठगवतात असे आमचे म्हणणे नाही. प्रामाणिक उस्ताद आपल्याच मोहल्ल्यात आहेत आणि त्यांचीही रोजी याच हुनरवर आहे. पण भाग बदलण्याआधी मीटरचा आकडा दाखवा असे म्हणावे, जुना भाग परत मागावा आणि नव्या बॅटरीच्या वॉरंटी कार्डावर विक्रीची तारीख व शिक्का स्वतःसमोर घालून घ्यावा. जुनी गाडी घेताना दोन्ही मूळ चाव्या आणि त्यांच्या नंबराची पट्टी मागावी. एकच चावी असेल तर दुसरी चिपसह बनवायचा खर्च सौद्याच्या किमतीतून वजा करून घ्यावा.