उडी जमिनीची की अँटेनाची?

मागच्या वेळी आपण जीपीएसचं एकच केंद्र घेतलं होतं. आज हजारो घेऊ. एकट्या जपानच्या जिओनेट जाळ्यात सुमारे १३०० केंद्रं आहेत. दर ३० सेकंदांना एक नोंद धरली, तर एका केंद्राच्या दिवसाला २८८० नोंदी होतात. त्यांतून त्या दिवसाचं एक स्थान काढायचं, तेही काही मिलिमीटरपर्यंत अचूक.

पूर्वी केंद्रं एकमेकांशी ताडून सगळी एकत्रच सोडवत. त्यात केंद्रं दुप्पट झाली की गणिताचं काम साधारण आठपट होई. १९९७ साली अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या झुंबर्ज आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट दाखवली. उपग्रहांच्या कक्षा आणि घड्याळांचे फरक जगभरच्या निवडक केंद्रांवरून आधी काढून ठेवायचे, मग ते खरे मानून प्रत्येक केंद्र एकेकटं सोडवायचं. आता केंद्रं दुप्पट तर काम दुप्पट, बस्स. आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांना हे ओळखीचं वाटतं: हे तर शब्दप्रमाण झालं, आप्ताचं सांगणं धरून चालायचं!

रोजची स्थानं मांडली की तिरपी रेषा मिळते. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो, म्हणून बंगळूरच्या केंद्राची रेषाही तशीच चढते. पण एखाद्या केंद्राच्या रेषेत मधेच उडी दिसते. भूकंप झाला असेल, किंवा कुणी नुसती अँटेना बदलली असेल. आकड्यात दोन्ही सारखंच दिसतं. बदलाची नोंद ठेवली असेल तर ठीक, पण ती नेहमी असतेच असं नाही. आणि ही किरकोळ बाब नव्हे. जमिनीत ताण किती साठतोय हे शेजारच्या केंद्रांच्या वेगांतल्या फरकावरून काढतात. तिथे वर्षाला दोन मिलिमीटर चुकले, तरी भूकंपाच्या धोक्याचा अंदाज चुकतो.

यावर नेवाडा विद्यापीठातल्या ब्लूइट आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ‘मिडास’ ही पद्धत मांडली. बरोबर एक वर्षाचं अंतर असलेल्या दिवसांच्या जोड्या घ्यायच्या, प्रत्येक जोडीचा वेग काढायचा आणि सगळ्यांचा मध्यक घ्यायचा. वर्षाचंच अंतर का? पावसाळ्यात पाण्याच्या भाराने जमीन दबते, नंतर वर येते, हा फरक त्यात गळून जातो. आता समजा, दहा वर्षांच्या मालिकेत मधे कुठे तरी एक उडी आहे. ती ओलांडणाऱ्या जोड्या नवातली एक. सरासरी बिघडली असती, मध्यक मात्र जेमतेम हलतो. उडी कुठे आहे हे माहीत असायचीही गरज नाही. आम्हाला ही युक्ती फार देखणी वाटते.

पण ११ मार्च २०११ ला जपानात ओशिका द्वीपकल्पावरचं केंद्र पाच मीटरांहून अधिक पूर्वेला गेलं. तिथली जमीन त्याआधी हळूहळू पश्चिमेला सरकत होती, नंतर कितीतरी वर्षं पूर्वेला सरकत राहिली. अशा मालिकेला एकच वेग देण्यात काय अर्थ? ती कापावी लागते, आणि कुठे कापायची हे मध्यक सांगत नाही. एवढी मोठी उडी तर कुणालाही दिसेल, अडचण बारीक उड्यांची आहे. तेव्हा शेजाऱ्यांना विचारायचं. अँटेना बदलली तर एकच केंद्र उडतं, जमीन सरकली तर आसपासचीही थोडीफार सरकतात. जिओनेटमध्ये शेजारी साधारण वीस किलोमीटरवर आहे. जिथे तो दोनशे किलोमीटरवर आहे, तिथे विचारायलाच कुणी नाही.