तंबोरा : पारख व खरेदी
गायनास आधारस्वर पुरविणारे भारतीय तंतुवाद्य. महाराष्ट्रातील त्याचे प्रमुख निर्मितिकेंद्र मिरज (जि. सांगली) हे असून तेथे एकोणिसाव्या शतकात शस्त्रकामाचा पिढीजात धंदा करणाऱ्या शिकलगार घराण्यांनी हा व्यवसाय सुरू केला. मिरजेच्या तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. लातूर–मिरज लोहमार्गामुळे लातूर, नांदेड भागातील ग्राहकास तेथे जाऊन वाद्य प्रत्यक्ष ऐकून निवडणे सुलभ होते.

तंबोऱ्याची निवड प्रथम गायकाच्या षड्‌जावरून ठरते. पुरुषी तंबोऱ्याचा भोपळा मोठा, दांडी लांब व पट्टी खालची (सु. काळी १) असते, स्त्रियांचा तंबोरा लहान व वरच्या पट्टीचा (सु. काळी ४ ते ५) असतो. चारांऐवजी पाच वा सहा तारा असल्यास पंचमाखेरीज निषाद किंवा मध्यमही मिळविता येतो. मात्र दांडीवरील ताण वाढतो.

बिघडलेली जवारी घोडी घासून पुन्हा काढता येते; वाकलेली दांडी किंवा तडकलेला भोपळा सहसा पूर्ववत होत नाही. म्हणून जुने वाद्य घेताना जाणकार नक्षीकामापेक्षा दांडीचा सरळपणा, भोपळ्याचा धडपणा व खुंट्यांची पकड आधी तपासतात.