मेंदीचे कुंपण

गिरगावच्या वाड्या काय किंवा परळ-लालबागच्या चाळी काय, मुंबईत जमीन थोडी आणि वर्दळ मोठी. अशा ठिकाणी लहानशा बागेचे रक्षण करावयाचे असेल, तर झुडपांचे कुंपण फार उपयोगी पडते. भिंत वाट अडविते तशी वाराही अडविते. झुडपे मात्र वाऱ्याला वाव देतात. या कामाला मेंदी चांगली. एकदा रुजली म्हणजे ती थोड्या पाण्यावरही तग धरते.

मेंदीची मिऱ्याएवढी फळे पिकून तपकिरी झाली, की त्यांतून बारीक बी निघते. त्याचे कवच कठीण असल्यामुळे ते काही दिवस पाण्यात भिजत ठेवतात व पाणी रोज बदलतात. मग बी वाळूत मिसळून उन्हाळ्याच्या आरंभी वाफ्यात पेरतात. वाळूमुळे ते सारखे पसरते. पावसाळा लागला, की रोपे सुमारे एकेक फुटावर लावतात.

येथे पुष्कळजण उतावीळ होतात. कुंपण लवकर उंच व्हावे म्हणून ते रोपांना कात्री लावीत नाहीत. असे कुंपण वर दाट, पण बुडाशी विरळ होते आणि फटींतून शेळ्या-कुत्री आत शिरतात. शेंडा खुडला, तरच खालचे डोळे फुटून बुडापासून फांद्या येतात.

मलबार हिलवरील फिरोजशहा मेहता उद्यान झुडपांना दिलेल्या प्राण्यांच्या आकारांसाठी प्रसिद्ध झाले. ते आकारही वारंवार केलेल्या छाटणीचेच फळ होत.