निलंग्याची वेलांटी आणि गल्ल्यामागचा सर्व्हर

पहिलं बिल छापून आलं तेव्हा त्यात गावाचं नावच चुकलं होतं. ‘निलंगा’मधली वेलांटी ‘न’च्या अलीकडे असायची, ती पलीकडे जाऊन बसली होती. ‘प्लास्टिक’मधली जोडाक्षरं सुटून पाय मोडलेली अक्षरं वेगळी लटकत होती. हार्डवेअरचं दुकान, दारात सिमेंटच्या गोण्या, गल्ल्यामागे एक जुना कॉम्प्युटर. त्यावर दोन दिवस खपून आम्ही उबुंटू सर्व्हर आणि पीएचपीतलं एक छोटं, फुकट मिळणारं बिलिंग सॉफ्टवेअर बसवलं होतं. दुकानदारानं कागद उजेडात धरला आणि म्हणाला, ‘‘आधी गावाचं नाव तर नीट काढा, जीएसटीचं मग बघू.’’

स्वतःच्या सर्व्हरवर बिलिंग चालवायचं म्हटलं की लोक घाबरतात ते लिनक्सला. माझा अनुभव असा की लिनक्सवर फारसं काही अडत नाही. अडतं ते वेलांटीवर, तारखेवर, राज्याच्या कोडवर आणि बॅकअपवर.

काळ्या स्क्रीनची भीती आधी संपवू. ‘‘त्यात सगळं टाइप करावं लागतं, आमच्या मुनीमजींना कसं जमणार?’’ मुनीमजींना ती स्क्रीन दिसणारच नाही. ती बसवणाऱ्यापुरती आणि महिन्या-दोन महिन्यांनी अपडेट टाकणाऱ्यापुरती. रोजचं काम गल्ल्यावरच्या विंडोजच्या कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर, ब्राउझरमध्ये होतं. सर्व्हरला मॉनिटरही लागत नाही.

दुसरी समजूत, सर्व्हर म्हणजे इंटरनेट, आणि नेट गेलं की दुकान बंद. उलट आहे. सर्व्हर दुकानातच राउटरला वायरनं जोडलेला असेल आणि त्याचा आयपी पत्ता पक्का करून ठेवला असेल, तर नेट गेलं तरी बिलं निघतात. राउटर आणि सर्व्हर दोन्ही यूपीएसवर हवेत, एवढंच. लाइट सारखी ये-जा करते त्या दिवसांत डेटाबेस सहसा स्वतःला सावरून घेतो, पण रोज त्याची परीक्षा पाहू नये. नेट लागतं ते घरी बसून हिशेब बघायचा असेल तेव्हा, आणि तिथं वेगळीच अडचण येते. बरेच नेट पुरवणारे एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देतात, त्यामुळे बाहेरून थेट आपल्या सर्व्हरपर्यंत पोचता येत नाही. अशा वेळी राउटरमध्ये पोर्ट उघडूनही उपयोग नसतो; थेट पोचता येईल अशा बाहेरच्या एखाद्या सर्व्हरमार्गे वायरगार्डसारखा व्हीपीएन लावलेला बरा.

आणि ‘फुकट’? सॉफ्टवेअर फुकट मिळतं हे खरं. मशीन, यूपीएस, दुसरी डिस्क आणि बसवणाऱ्याचा वेळ फुकट नसतो. मुक्त परवान्याचा खरा फायदा पैशाचा नाहीच. उद्या बनवणारी कंपनी बंद पडली किंवा तिनं दर वाढवले, तरी तुमची प्रत चालू राहते आणि आकडे तुमच्याकडे राहतात.

आता वेलांटी. ‘‘लिनक्सवर मराठी छापून येत नाही’’ असं त्या दिवशी दुकानात दोघांनी ठामपणे सांगितलं. लिनक्सचा यात दोष नव्हता. ‘नि’ साठवताना आधी ‘न’ आणि मग वेलांटी अशा क्रमानं साठवली जाते. दाखवताना वेलांटी आधी यावी लागते. हा क्रम फिरवणं आणि जोडाक्षरं जुळवणं हे वेगळं काम आहे. पीएचपीच्या सॉफ्टवेअरमध्ये पीडीएफ बनवायला सर्रास वापरली जाणारी डॉमपीडीएफ ही लायब्ररी ते करत नाही, ती अक्षरं आली तशी एकापुढे एक मांडते. एमपीडीएफ ते करते. क्रोमियम ब्राउझरकडून पीडीएफ काढून घेतली तरी अक्षरं नीट येतात, मात्र सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट हवा. नव्या कोऱ्या उबुंटू सर्व्हरवर तो असेलच असं धरून चालू नये. लोहित किंवा नोटो देवनागरी आपण टाकावा लागतो.

बिघाड ओळखायची खूण सोपी आहे. अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर फॉन्ट नाही. अक्षरं आहेत पण वेलांट्या भलतीकडे, तर पीडीएफ बनवणारा भाग कच्चा आहे. आणि प्रश्नचिन्हं दिसली तर घाबरायला हरकत नाही, कारण डेटाबेसच चुकीच्या लिपीसंचावर उभा केलेला असतो. ग्राहकाचं नाव तिथं साठवलंच गेलेलं नसतं, मागाहून कितीही फॉन्ट टाकले तरी ते परत येत नाही.

कर सल्लागाराकडे गेल्यावर पुढचा गैरसमज भेटला, आणि तो निम्म्या मोंढ्यात आहे: ‘‘सरकारमान्य सॉफ्टवेअर पाहिजे, नाहीतर बिल चालत नाही.’’ जीएसटीच्या नियमांत बिलावर काय असावं ते सांगितलेलं आहे. ते कोणत्या सॉफ्टवेअरमधून काढावं हे सांगितलेलं नाही. पुस्तकावर हातानं लिहिलेलं बिलही चालतं. मात्र तपशील नेमका लागतो. नियम 46 प्रमाणे बिलाचा क्रमांक सलग हवा, त्या आर्थिक वर्षात तो पुन्हा येता कामा नये, आणि तो जास्तीत जास्त 16 अक्षरांचा असावा. उलाढाल 5 कोटींपर्यंत असेल तर नोंदणीकृत व्यापाऱ्याला दिलेल्या बिलावर एचएसएन कोड किमान चार अंकी, त्यापुढे सहा अंकी. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदारानं तर कर लावलेलं बिल द्यायचंच नसतं, ‘बिल ऑफ सप्लाय’ द्यायचं असतं.

‘‘कॉम्प्युटरवर काढलं म्हणजे ई-इनव्हॉइस’’ ही त्याच गैरसमजाची धाकटी बहीण. ई-इनव्हॉइस म्हणजे बिलाचा तपशील सरकारी पोर्टलवर नोंदवून त्याचा 64 अक्षरांचा संदर्भ क्रमांक आणि क्यूआर कोड मिळवणं. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये ते 500 कोटींच्या वरच्या कंपन्यांपासून सुरू झालं, आणि टप्प्याटप्प्यानं खाली येत 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवर आलं. 2017-18 पासून कोणत्याही एका वर्षी उलाढाल 5 कोटींपुढे गेली असेल तरच ते लागू होतं. तेही व्यापाऱ्यानं व्यापाऱ्याला दिलेल्या बिलाला. शेतकऱ्यानं घराच्या पायासाठी नेलेल्या वीस गोण्यांना नाही. कृषी सेवा केंद्रवाल्यांचा आणखी एक घोळ मी पाहिला आहे. नवं बिलिंग आलं म्हणून ते अनुदानित खताचं सरकारी पीओएस मशीन बाजूला ठेवायला निघाले होते. ते मशीन वेगळं. त्यावर नोंद होऊनच खत विकायचं, मग बिल कशावरही काढा.

वेलांटी तर सुधारता आली असती. तरी ते छोटं सॉफ्टवेअर आम्हाला महिन्याभरात काढावं लागलं, आणि कारण ठरली कर्नाटकची हद्द. निलंगा तालुका सीमेवरचा. औराद शहाजानीच्या पुढे गेलं की भालकी, आणि भालकी म्हणजे बीदर जिल्हा. महाराष्ट्राचा जीएसटी राज्य कोड 27, कर्नाटकचा 29. लातूरच्या व्यापाऱ्याला माल गेला तर केंद्राचा आणि राज्याचा कर निम्मा-निम्मा. भालकीच्या व्यापाऱ्याला पाठवला तर पूर्ण आयजीएसटी. 1 ऑक्टोबर 2023 पासून हे किरकोळ गिऱ्हाइकापर्यंत येऊन पोचलं. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचा पत्ता बिलावर लिहिला असेल तर तो पत्ता ज्या राज्यातला त्या राज्याप्रमाणे कर लागतो, आणि नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी तो पत्ताच धरला जातो. पत्ता नसेल तर दुकान जिथं आहे तिथला. म्हणजे गल्ल्यावरच्या पोरानं हौसेनं ‘भालकी, कर्नाटक’ असं टाइप केलं की कराचा प्रकार बदलला. ई-वे बिलाचंही तसंच. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखापर्यंतच्या मालाला ते लागत नाही, हद्द ओलांडली की मर्यादा 50,000.

परदेशात बनलेल्या बऱ्याच इनव्हॉइस सॉफ्टवेअरमध्ये ‘कर एक’ आणि ‘कर दोन’ एवढेच रकाने असतात. राज्य बघून कर निवडण्याची अक्कल त्यांना नसते, ती माणसानं पुरवायची. शहरातल्या डिझायनरला, ज्याची महिन्याला दहा बिलं निघतात, त्याला ते पुरेसं आहे. सीमेवरच्या दुकानाला नाही.

म्हणून आम्ही ईआरपीनेक्स्टकडे वळलो. हे मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीचं. 2008 साली सुरू झालेली ही कंपनी. ईआरपीनेक्स्टचा परवाना जीपीएल, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला. त्याला ‘इंडिया कम्प्लायन्स’ नावाची जोड मिळते, ती दोन्हीकडचे जीएसटी क्रमांक आणि पत्ते बघून कराचा प्रकार ठरवते. खोटं कशाला सांगू, हे बसवणं सोपं नाही. मारियाडीबी, रेडिस, पायथन, नोडजेएस, एन्जिनएक्स अशी वरात असते, 4 जीबीपेक्षा कमी रॅमवर ते रडत चालतं, आणि ज्याला फक्त बिलं काढायची आहेत त्याला त्यातला पाऊणएक भाग लागतही नाही. शिवाय तयार मिळतं तसं वापरलं असंही होत नाही. त्याची मूळ क्रमांकमालिका ‘एसीसी-एसआयएनव्ही’ असं म्हणून पुढे वर्ष आणि पाच आकडे लावते. ही सगळी मिळून 19 अक्षरं होतात आणि मर्यादा आहे 16 ची. मालिका आपली छोटी करून घ्यावी लागते, आणि ती पहिलं बिल काढायच्या आधी.

कराचे दरही आपोआप बदलत नाहीत. 22 सप्टेंबर 2025 ला सिमेंट 28 टक्क्यांवरून 18 वर आलं. महिन्याचं भाडं घेणाऱ्या कंपन्यांनी तो बदल आपल्या बाजूनं पाठवला असेल. स्वतःच्या सर्व्हरवाल्यानं आदल्या रात्री बसून तो स्वतः करायचा असतो. तारखेचं दुखणं त्याहून बारीक. सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर बसवला जातो, ती आपल्या साडेपाच तास मागे. घड्याळ कोलकात्यावर, म्हणजे भारताच्या वेळेवर, आणायचं राहिलं, तर भाजीच्या आडतीवर 1 एप्रिलला पहाटे पाच वाजता काढलेलं बिल 31 मार्चचं होऊ शकतं. एका बिलात आर्थिक वर्ष बदललं.

‘‘सॉफ्टवेअर आपलं, मशीन आपलं, मग जुनं बिल हवं तसं बदलता येईल ना?’’ हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो. ईआरपीनेक्स्टमध्ये एकदा पक्कं केलेलं बिल बदलता येत नाही. ते रद्द करून नवं काढावं लागतं आणि दोन्हींची नोंद राहते. डेटाबेसमध्ये हात घालून आकडा फिरवता येतो, हे नाकारत नाही. पण समोरच्या व्यापाऱ्याच्या खात्यात तुमच्या विवरणपत्रावरून जुनाच आकडा गेलेला असतो. रीतसर मार्ग क्रेडिट नोटचा. कायद्यानं नोंदलेली कंपनी असेल तर 1 एप्रिल 2023 पासून कोणी, कधी, काय बदललं याची न पुसता येणारी नोंद ठेवणारंच हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरावं लागतं. एकट्या मालकीच्या दुकानाला ती अट नाही.

लिनक्सला व्हायरस लागत नाही, ही समजूत मला सगळ्यात महाग वाटते. इंटरनेटवर उघडा ठेवलेला सर्व्हर काही तासांत पासवर्ड ओळखू पाहणाऱ्या यंत्रांच्या रांगेत सापडतो. पासवर्डनं लॉगिन बंद करून किल्लीची फाइल वापरणं हा पहिला उपाय. दुसरी खोच सॉफ्टवेअर डॉकरच्या कंटेनरमध्ये चालवणाऱ्यांसाठी. डॉकरनं बाहेर काढलेला पोर्ट उबुंटूच्या नेहमीच्या यूएफडब्ल्यू फायरवॉलला बगल देतो. तुम्हाला वाटतं दार बंद, आणि डेटाबेस ओसरीवर. याच डॉकरमध्ये सगळं थांबवण्याच्या आज्ञेपुढे एक छोटा ‘व्ही’ लावला की साठवणूकही पुसली जाते.

शेवटी बॅकअप. ‘‘डेटा आपल्या दुकानात आहे, म्हणजे सुरक्षित आहे’’ असं म्हणणाऱ्याला या भागात फार समजवावं लागू नये. किल्लारी इथून लांब नाही, आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात घर आणि घरातला कागद एकदमच गेला होता. एकाच मशीनमध्ये दोन डिस्क लावणं हा बॅकअप होत नाही. चोरी, पाणी, वीज यांना दोन्ही एकत्रच सापडतात. एक प्रत दुकानातल्या वेगळ्या डिस्कवर, एक गावाबाहेर. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने ठेवायचे असतात. 2024-25 चे 31 डिसेंबर 2031 पर्यंत. तोवर हा कॉम्प्युटर बहुधा भंगारात गेलेला असेल. प्रतीत डेटाबेसबरोबर सेटिंगची फाइलही हवी, कारण तिच्यात एन्क्रिप्शनची किल्ली असते. ती नसेल तर बिलं परत येतात, पण साठवलेले पासवर्ड उघडत नाहीत.

त्या दुकानात आम्ही लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त धरला. वहीशेजारी सर्व्हरलाही हळदकुंकू लागलं. पूजा झाल्यावर गावाबाहेरची प्रत एका जुन्या लॅपटॉपवर उतरवून सगळं नव्यानं उभं केलं. पहिल्या खेपेला बिलं आली, खरेदीच्या पावत्यांचे फोटो आले नाहीत. बॅकअपमध्ये फायली घ्यायच्याच राहिल्या होत्या. ते दुरुस्त करून पाडव्याला पुन्हा उतरवलं. बिलं होती, उधारी जुळली, फोटोही आले. दुकानदारानं एक बिल उघडलं आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. गावाच्या नावाच्या जागी चौकोन होते. लॅपटॉपवर फॉन्ट टाकायचा राहिला होता.